ऑपरेशननंतरचे दुखणे आणि गोळ्यांचा हिशेब

पूर्वी ऑपरेशन म्हटले की माणसाच्या पोटात गोळा येई. आता तसे राहिले नाही. गावातल्या पुष्कळ घरांत कोणाचे ना कोणाचे ऑपरेशन झालेले असते. कोणाचा हर्निया असतो, कोणाचे अपेंडिक्स असते. कोणा बाईचे बाळंतपण पोट उघडून करावे लागते. कोणाचा पाय मोडतो आणि हाडात सळई बसवावी लागते. माणूस बरा होऊन घरी येतो. ही फार चांगली गोष्ट आहे.

पण घरी आल्यावर एक प्रश्न उभा राहतो. टाके दुखतात. रात्री झोप लागत नाही. खोकला आला की जीव कळवळतो. मग घरातली माणसे आपापल्या परीने सल्ला देतात. एक म्हणतो, "सोस जरा, मरदासारखा मरद तू." दुसरा म्हणतो, "घे अजून दोन गोळ्या, काही होत नाही." हे दोन्ही सल्ले चुकीचे आहेत. दुखणे मुकाट्याने सोसण्यात धोका आहे आणि हव्या तशा गोळ्या खाण्यातही धोका आहे. या दोहोंच्या मधली वाट कोणती, ते आपण या धड्यात पाहू.

दुखते का?

ऑपरेशन म्हणजे काय? डॉक्टर कातडी कापतात. तिच्याखालचे मांस बाजूला करतात. आतला बिघाड दुरुस्त करतात आणि पुन्हा शिवतात. म्हणजे ती एक जखमच असते. फरक इतकाच, की ती जाणूनबुजून, स्वच्छ हत्यारांनी आणि आपल्या भल्यासाठी केलेली असते.

आपल्या अंगात जागोजागी बारीक तंतू पसरलेले आहेत. त्यांना मज्जातंतू म्हणतात. कोठे जखम झाली की हे तंतू मेंदूला निरोप धाडतात. निरोप पोचला की आपल्याला दुखते. जखमेभोवती सूज येते, आणि सुजेमुळे हे तंतू जास्तच हुळहुळे होतात. म्हणून नुसता धक्का लागला तरी कळ येते.

ऑपरेशनच्या वेळी मात्र काही कळत नाही, कारण भूल दिलेली असते. ही भूल फार जुनी नाही. १६ ऑक्टोबर १८४६ या दिवशी अमेरिकेतील बॉस्टन शहरात विल्यम मॉर्टन यांनी ईथर नावाचे औषध हुंगवून एका रोग्याला भूल दिली. मग डॉक्टरांनी त्याच्या मानेवरील गाठीचे ऑपरेशन लोकांसमक्ष केले. त्याआधी चार माणसे रोग्याला धरून ठेवीत आणि डॉक्टर घाईघाईने कापाकापी उरकीत. आज भूल सुधारली आहे. काही वेळा पूर्ण झोपवतात. काही वेळा पाठीच्या कण्यात सुई देऊन कमरेखालचा भाग बधिर करतात.

भूल उतरली की दुखणे सुरू होते. पहिले दोन-तीन दिवस ते जास्त असते. पुढे दिवसादिवसाने कमी होत जाते. "दुखणे हत्तीच्या पायी येते आणि मुंगीच्या पायी जाते," असे आपल्यात म्हणतात. ते येथे खरे आहे. पण ते मुंगीच्या पायी का होईना, जात राहिले पाहिजे. जायचे सोडून ते वाढू लागले, तर कोठे तरी बिघाड आहे असे समजावे.

सोसले तर काय बिघडते?

पुष्कळांना वाटते, दुखणे सोसणे हा मोठेपणा आहे. बायकांना तर लहानपणापासून सोसायला शिकवलेले असते. पण ऑपरेशननंतर सोसण्याने नुकसान होते. कसे ते पाहा.

पोटावर टाके आहेत आणि ते दुखत आहेत. माणूस काय करतो? तो दबून श्वास घेतो. खोकला आला तर गिळतो. त्यामुळे छातीत कफ साचतो. साचलेल्या कफात जंतू वाढतात आणि न्यूमोनिया होऊ शकतो.

दुखते म्हणून माणूस बिछान्यावर पडून राहतो. पाय हलवत नाही. मग पायातल्या शिरांत रक्त साकळते आणि त्याची गुठळी होऊ शकते. ती गुठळी सुटून फुप्फुसात गेली, तर जिवावर बेतते. म्हणूनच सिस्टर दुसऱ्या दिवशीच म्हणते, "आजी, उठा, चार पावलं चाला." ती काही दुष्ट नाही. ती आजीचा जीव राखते आहे.

दुखण्यामुळे झोप जाते, भूक जाते. झोप आणि अन्न नसेल, तर अंगात ताकद कोठून येणार? जखम भरायलाही उशीर लागतो.

तेव्हा दुखणे कमी करणे ही चैन नव्हे. तो उपचाराचाच भाग आहे. सगळेच दुखणे जाईल असे नाही. पण खोल श्वास घेता यावा, खोकता यावे, उठून चालता यावे आणि रात्री डोळा लागावा, एवढे तरी ते कमी झाले पाहिजे.

किती दुखते ते सांगावे

तुमचे दुखणे डॉक्टरांना दिसत नाही. ते तुम्हीच सांगायला हवे. "लय दुखतंय हो," एवढ्याने नीट कळत नाही. दवाखान्यात विचारतात, "दहापैकी किती दुखतंय?" मुळीच दुखत नसेल तर शून्य. आजवर कल्पनाही केली नाही इतके दुखत असेल तर दहा. मधला आकडा तुमच्या मनाने सांगावा. आज सात असेल आणि औषधाने चार झाले, तर औषध लागू पडले असे समजते.

आणखी एक गोष्ट सांगावी. कोठे दुखते आणि कसे दुखते? टाक्यांपाशी ठणकते, की पोटात मुरडा येतो, की पोटरीत दुखते? पडल्या पडल्या दुखते, की उठताना? यावरून डॉक्टरांना पुष्कळ कळते.

दोन दुखणी अशी आहेत, की माहीत नसली तर माणूस घाबरतो. पहिले खांद्याचे. दुर्बिणीने पोटाचे ऑपरेशन करताना पोटात वायू भरतात. तो थोडा आत राहतो आणि त्याने खांदा दुखतो. ऑपरेशन पोटाचे आणि दुखतो खांदा, हे नवल वाटते. पण ते एक-दोन दिवसांत बहुधा थांबते. मात्र त्याबरोबर छातीत दुखले किंवा दम लागला, तर लगेच सांगावे.

दुसरे डोक्याचे. पाठीत सुई दिल्यानंतर काही जणांचे डोके दुखते. उठून बसले की वाढते, आडवे झाले की कमी होते. असे झाले तर गप्प बसू नये. डॉक्टरांना सांगावे. त्यावर उपाय आहे.

औषधांची तीन घराणी

दुखण्यावरच्या गोळ्या दुकानात शेकडो नावांनी मिळतात. पण नेहमीच्या औषधांची घराणी मुख्यतः तीनच आहेत. ती ओळखली की अर्धे काम झाले.

पहिले घराणे पॅरासिटामॉलचे. ही तापावरची गोळी म्हणून सर्वांच्या ओळखीची आहे. ती दुखण्यावरही चालते. बेताने घेतली तर ही सर्वांत सुरक्षित गोळी आहे. पण बेत सोडला तर हीच गोळी यकृत म्हणजे लिव्हर खराब करते. कपट असे, की पहिले एक-दोन दिवस फारसे काही जाणवत नाही. मग उलट्या होतात, डोळे पिवळे होतात. तोवर उशीर झालेला असतो. म्हणून जास्त गोळ्या गेल्या असे कळताच, काही त्रास नसला तरी, लगेच इस्पितळात जावे. वेळेवर गेले तर त्यावर उतारा आहे.

मग हद्द कोणती? मोठ्या, धडधाकट माणसाने २४ तासांत ४००० मिलिग्रॅमपेक्षा जास्त पॅरासिटामॉल कधीही घेऊ नये. म्हणजे ५०० मिलिग्रॅमच्या ८ गोळ्या. दोन वेळांत निदान चार ते सहा तासांचे अंतर हवे. ही शेवटची हद्द झाली. रोज तेथवर जायचे असे नाही. ज्यांचे वजन ५० किलोहून कमी आहे, जे रोज दारू पितात, ज्यांना काविळीचा किंवा लिव्हरचा आजार आहे, त्यांची हद्द याहून कमी असते. त्यांनी ती डॉक्टरांना विचारून ठरवावी.

दुसरे घराणे सूज उतरवणाऱ्या गोळ्यांचे. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, असेक्लोफेनॅक ही त्यातली नावे. टाक्यांच्या आणि हाडांच्या दुखण्याला त्या चांगल्या लागू पडतात. पण त्यांचे पोटाशी वाकडे आहे. उपाशी पोटी घेतल्या तर जळजळ होते. कधी आतडे-जठराला व्रण पडून आत रक्त वाहते. म्हणून त्या जेवणानंतरच घ्याव्यात. या घराण्यातल्या दोन गोळ्या एका वेळी घेऊ नयेत. त्याने गुण वाढत नाही, धोका वाढतो.

या गोळ्या काहींना चालत नाहीत. ज्यांना पोटात व्रण आहे, मूत्रपिंडाचा आजार आहे, हृदयविकार आहे, दमा आहे किंवा रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्या घेऊ नयेत. गरोदर बाईनेही मनाने घेऊ नयेत. डेंग्यूचा संशय असेल तर त्या मुळीच घेऊ नयेत.

तिसरे घराणे अफूच्या जातीच्या औषधांचे. मॉर्फिन हे अफूपासूनच काढतात. आपल्या देशात मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेश या राज्यांत सरकारी परवान्याने अफूची शेती होते. ट्रामाडॉल ही कारखान्यात बनवलेली गोळी याच जातीची. मोठे ऑपरेशन झाले की पहिले काही दिवस ही औषधे देतात. डॉक्टरांच्या हातून, थोडे दिवस, मोजून घेतली तर ती मोठे वरदान आहेत. भिऊन नाकारू नयेत.

पण त्यांना फार जपावे लागते. त्यांनी गुंगी येते, मळमळते, शौचास घट्ट होते. जास्त झाली तर श्वास मंद होतो आणि थांबूही शकतो. दारू किंवा झोपेची गोळी सोबत घेतली, तर हा धोका फार वाढतो. फेफरे येणाऱ्या माणसाला ट्रामाडॉलने फेफरे येऊ शकते. आणि पुष्कळ दिवस घेतली तर सवय जडते. म्हणूनच २०१८ साली सरकारने ट्रामाडॉल अमली पदार्थांच्या कायद्याखाली आणले. ही गोळी चालू असताना मोटारसायकल चालवू नये, ट्रॅक्टर चालवू नये, विहिरीवर किंवा मळणीयंत्रावर काम करू नये. घरात कोठे अफू किंवा गांजा मिळाला म्हणून दुखण्यावर घेऊ नये. त्याचे माप कोणालाच ठाऊक नसते.

एका गोळीच्या पोटात दोन औषधे

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. आपल्याकडे पुष्कळ गोळ्यांत दोन-दोन औषधे एकत्र असतात. वरचे नाव वेगळे, पण आत तेच पॅरासिटामॉल. माणसाला वाटते, आपण तीन वेगवेगळी औषधे घेतो. खरे म्हणजे तो एकच औषध तिहेरी घेत असतो.

एक हिशेब मांडू. समजा, एका भाऊंचे हर्नियाचे ऑपरेशन झाले. डॉक्टरांनी दुखण्यावर एक गोळी दिली. तिच्यात असेक्लोफेनॅक १०० मिलिग्रॅम आणि पॅरासिटामॉल ३२५ मिलिग्रॅम आहे. ती दिवसातून दोनदा घ्यायची. अंग कणकणते म्हणून भाऊंनी दुकानातून पॅरासिटामॉल ६५० ची पट्टी आणली आणि दिवसातून चारदा घेतली. नाक गळते म्हणून सर्दीची गोळी तीनदा घेतली. तिच्यातही पॅरासिटामॉल ५०० निघाले. आता बेरीज करा.

३२५ दोनदा म्हणजे ६५०.
६५० चारदा म्हणजे २६००.
५०० तीनदा म्हणजे १५००.
एकूण ४७५०.

हद्द ४००० ची, आणि भाऊंच्या पोटात गेले ४७५०. तरी भाऊ म्हणणार, "मी कुठं जास्त घेतलं? प्रत्येक गोळी नेमानंच घेतली की." यात भाऊंचा दोष थोडा. पट्टी वाचली नाही, हे त्याचे मूळ.

तुम्हाला आता वाचता येते. ही विद्या येथे कामाला लावा. पट्टीवर मोठ्या अक्षरांत कंपनीचे नाव असते. ते बाजूला ठेवा. त्याच्याजवळ लहान अक्षरांत खऱ्या औषधाचे नाव आणि किती मिलिग्रॅम तो आकडा असतो. हे बहुधा इंग्रजीत असते. वाचता आले नाही तर दुकानदाराला म्हणा, "दादा, यात कोणकोणती औषधं आहेत, आणि किती किती, ते मला मराठीत कागदावर लिहून द्या." हे विचारण्यात लाज नाही. पैसे तुमचे आहेत आणि लिव्हरही तुमचेच आहे. घरात शाळेत जाणारी मुले असतील, तर त्यांच्याकडून पट्टी वाचून घ्यावी. तारीख उलटून गेलेली गोळी घेऊ नये. पट्टीवर लाल उभी रेघ असेल, तर ते औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नये.

घड्याळ आणि वही

गोळी कधी घ्यावी? पहिले दोन-तीन दिवस डॉक्टरांनी सांगितलेल्या वेळेला घ्यावी. दुखणे असह्य होईपर्यंत थांबू नये. गवताला ठिणगी लागली तेव्हाच विझवली तर तांब्याभर पाणी पुरते. वणवा पेटल्यावर विहीर उपसली तरी पुरत नाही. दुखण्याचेही असेच आहे. गोळी पोटात गेल्यावर गुण यायला अर्धा ते एक तास लागतो. म्हणून चालायला उठायच्या आधी किंवा मलमपट्टी बदलायच्या आधी तासभर गोळीची वेळ आली, तर बरे पडते.

गोळी घेऊन पंधरा मिनिटे झाली, गुण आला नाही, म्हणून दुसरी घेऊ नये. एक वेळ चुकली, तर पुढच्या वेळी दुप्पट घेऊ नये. अति तेथे माती.

एक वही करावी. तिच्यात चार रकाने आखावेत. वेळ, गोळीचे नाव, किती घेतल्या, आणि दहापैकी किती दुखते. उदाहरणार्थ असे लिहावे: सकाळी ८, पॅरासिटामॉल ५००, एक, दुखणे ६. दुपारी २, तीच, एक, दुखणे ४. रोग्याला जमत नसेल तर घरच्याने लिहावे. रात्री सून गोळी देते आणि पहाटे मुलगा पुन्हा देतो, असे घोटाळे वहीने टळतात. तपासणीला जाताना वही बरोबर न्यावी. डॉक्टरांना सारे एका नजरेत कळेल.

दुखणे उतरू लागले की गोळ्याही उतरत्या कराव्यात. आधी तिसऱ्या घराण्याची कडक गोळी कमी करावी, मग सुजेची, आणि शेवटी पॅरासिटामॉल. कडक गोळी जास्त दिवस चालू असेल, तर एकदम तोडू नये. डॉक्टरांना विचारून उतरवावी.

औषधाविना करायचे उपाय

गोळीला मदत करणारे साधे उपाय आहेत. त्यांना पैसा लागत नाही.

खोकताना किंवा शिंकताना टाक्यांवर उशी किंवा घडी केलेली गोधडी दाबून धरावी. कळ पुष्कळ कमी येते. दर तासाला आठ-दहा वेळा खोल श्वास घ्यावा. बिछान्यातून सरळ उठू नये. आधी कुशीवर वळावे, पाय खाली सोडावेत आणि हाताच्या जोराने उठावे. पोटावर ताण पडत नाही.

थोडे थोडे, पण दिवसातून पुष्कळदा चालावे. हाताच्या किंवा पायाच्या ऑपरेशननंतर तो हात किंवा पाय उशीवर उंच ठेवावा. सूज उतरते. डॉक्टरांनी सांगितले असेल तर फडक्यात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटे जवळ धरावा. बर्फ उघडा लावू नये. गरम विटेने शेकू नये. जो भाग बधिर आहे तेथे भाजले तरी कळत नाही.

बद्धकोष्ठ होऊ देऊ नये. कुंथले की टाके ताणतात. पाणी भरपूर प्यावे. पपई, पेरू, पालेभाज्या खाव्यात. लागले तर डॉक्टरांना विचारून इसबगोल घ्यावा.

मनालाही काम द्यावे. भजन ऐकावे, रेडिओ लावावा, नातवंडांशी बोलावे. दुखण्याकडे सारखे लक्ष दिले की ते वाढते.

काही चुकीच्या समजुती

"भात-डाळ खाल्ली की जखम पिकते," असे काही जण म्हणतात. हे खरे नाही. जखम पिकते ती जंतूंमुळे. डॉक्टरांनी खायला परवानगी दिली, की डाळ, भात, भाकरी, दूध, अंडी, सारे खावे. डाळीने आणि अंड्याने जखम भरून येते.

"बाळंतिणीने पाणी पिऊ नये," हेही खरे नाही. तिला तर जास्त पाणी हवे. पोट उघडून बाळंतपण झालेली बाई अंगावर पाजत असेल, तर तिला पॅरासिटामॉल आणि आयब्युप्रोफेन डॉक्टर देतात. त्या माप राखून घेतल्या तर बाळाला बाधत नाहीत. पण ट्रामाडॉल आणि कोडीन ही औषधे दुधातून बाळाला जाऊन त्याला गुंगी आणू शकतात. ती तिने मनाने मुळीच घेऊ नयेत.

"सुई मारली तरच बरं वाटतं," असे पुष्कळांना वाटते. माणूस गिळू शकत असेल तर गोळी चांगले काम करते. उगाच सुया घेऊ नयेत. सलाइन म्हणजे मुख्यतः पाणी आणि मीठ किंवा साखर. त्याने दुखणे थांबत नाही.

टाक्यांवर हळद, राख, शेण किंवा झाडपाला लावू नये. त्याने जंतू आत जातात. जखम स्वच्छ आणि कोरडी ठेवावी.

शेजाऱ्याला लागू पडलेली गोळी आपल्याला लागू पडेलच असे नाही. उरलेल्या गोळ्या शेजाऱ्याला देऊ नयेत. मोठ्या माणसाची गोळी मोडून मुलाला देऊ नये. मुलाचे माप त्याच्या वजनावर असते. सगळ्या गोळ्या कुलपात किंवा मुलांचा हात पोचणार नाही अशा उंच जागी ठेवाव्यात.

ऑपरेशनच्या आधीच सांगावे

पुष्कळ धोके आधी बोलल्याने टळतात. डॉक्टरांना हे सांगावे: पूर्वी कोणत्या औषधाने अंगावर गांध्या आल्या का. दमा, मधुमेह, रक्तदाब, फेफरे, पोटात व्रण आहे का. कोणत्या गोळ्या चालू आहेत. वैद्याचे किंवा जडीबुटीचे औषध चालू असेल तर तेही. दारू, तंबाखू, मिश्री किंवा गांजा यांची सवय असेल तर लपवू नये. डॉक्टर रागावतील म्हणून माणूस लपवतो. पण भुलेचे आणि गोळ्यांचे माप यावर अवलंबून असते. तेथे खोटे बोलणे म्हणजे आपल्याच पायावर धोंडा पाडून घेणे.

घरी सोडताना चार प्रश्न विचारून घ्यावेत. कोणती गोळी, किती वेळा, किती दिवस, आणि त्रास झाला तर कोठे यायचे? उत्तरे वहीत लिहून घ्यावीत.

गोळी घेऊन घरी बसू नये

काही वेळा दुखणे म्हणजे आतल्या बिघाडाची हाक असते. तेथे गोळीने हाक दाबून टाकू नये. पुढील खुणा दिसल्या तर लगेच दवाखान्यात जावे.

कमी होत आलेले दुखणे पुन्हा वाढले. ताप आला. टाके लाल झाले, सुजले, पू किंवा घाण वास येऊ लागला. पोट फुगले, उलट्या थांबत नाहीत. लघवी होत नाही. शौचास डांबरासारखे काळे झाले किंवा उलटीत रक्त पडले. डोळे पिवळे दिसू लागले.

एकाच पायाची पोटरी सुजली आणि दुखू लागली. एकदम दम लागला, छातीत कळ आली.

प्लास्टर घातलेल्या हातापायात ठणका वाढतच चालला, बोटे बधिर, थंड किंवा निळी पडली. येथे तासातासाला महत्त्व आहे. सकाळची वाट पाहू नये.

माणूस फार गुंगीत आहे, हलवूनही नीट जागा होत नाही, श्वास फार सावकाश चालतो आहे. त्याला कुशीवर निजवावे, काही खायला-प्यायला देऊ नये आणि १०८ या क्रमांकावर फोन करून गाडी बोलवावी. कोणत्या गोळ्या घेतल्या त्यांच्या पट्ट्या आणि वही बरोबर न्यावी.

आणि टाके भरून तीन महिने झाले तरी तेथे दुखत असेल, आग होत असेल किंवा मुंग्या येत असतील, तर "नशीब आपलं" म्हणून बसू नये. मज्जातंतूच्या अशा दुखण्याची औषधे वेगळी आहेत. नेहमीच्या गोळ्या खात राहण्यापेक्षा डॉक्टरांना दाखवावे.

लक्षात ठेवा

दुखणे लपवू नका. आकड्यात सांगा.
गोळी वेळेवर घ्या, मापाने घ्या, मनाने वाढवू नका.
पट्टीवरचे लहान अक्षर वाचा किंवा वाचून घ्या.
सुजेच्या गोळ्या जेवणानंतर घ्या. दोन प्रकार एकत्र घेऊ नका.
गुंगीच्या गोळीबरोबर दारू कधीही नको.
रोज चाला, खोल श्वास घ्या, पाणी प्या.
वहीत लिहा.
दुखणे वाढले तर गोळी वाढवू नका, डॉक्टरांकडे जा.

तुमच्या गल्लीत कोणी नुकतेच ऑपरेशन होऊन घरी आले असेल, तर हा धडा त्याला वाचून दाखवा. त्याच्या पट्ट्या बघा आणि बेरीज करून द्या. अक्षर शिकलो ते अशाच कामासाठी.